तेल निरोप नेतं

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एखादा नवखा माणूस सकाळी आला, तर फाटकातच तो थबकायचा. अंगणात घराएवढा डंपर जागच्या जागी थरथरत, गुरगुरत उभा, आणि त्याच्या कॅबिनमधून कुणीतरी बेंबीच्या देठापासून स्टेशनांची नावं ओरडतंय. पिंपरी. चिंचवड. देहूरोड. तळेगाव. डंपर इंचभर हलत नसायचा. वडगाव. इंजिन किंचाळायला लागायचं, पत्र्याच्या शेडवरचे पारवे उडून जायचे. कामशेत. आणि एकदम सगळं शांत.

मग कॅबिनच्या शिडीवरून पांढरा शर्ट घातलेला एक किडकिडीत माणूस पाठमोरा उतरायचा, कपाळ पुसायचा आणि समोर जो कुणी असेल त्याला सांगायचा, "कामशेतला पाय उचलला. मळवलीला तेल उकळलं असतं."

हे श्रीपती ओव्हाळ, आमचे चार्जहँड, म्हणजे फिटरांचे मुकादम. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण ते समोर आले की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटायचं.

आमच्याकडे दुरुस्तीला यायचे ते खाणींवरचे आणि धरणांवरचे डंपर. साध्या ट्रकसारखा यांना क्लचचा पाय नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलानं भरलेलं, भल्यामोठ्या भोपळ्याएवढं एक भांडं असतं, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात समोरासमोर पात्यांच्या दोन चकत्या. एक चकती इंजिन फिरवतं, ती तेल फेकते, आणि त्या तेलाच्या जोरानं दुसरी फिरते. दोघींचा एकमेकींना स्पर्श नाही. मास्तरांच्या भाषेत, "इंजिनाचं आणि चाकांचं बोलणं नाही. मध्ये तेल आहे. तेल निरोप नेतं. निरोप पुरता पोचला तर गाडी चढ चढते. अर्धा पोचला की इंजिन बोंबलतंय आणि चाकं म्हणतात, काय म्हणालात?"

हे अर्धवट पोचणं म्हणजे घसरण. ती पकडायची एक रीत होती. ब्रेक घट्ट दाबायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला न्यायचा. गाडी हलू शकत नाही, त्यामुळे सगळा जोर तेलावर येतो. इंजिनाच्या वेगाचा काटा एका ठरलेल्या खुणेपाशी अडायला हवा. खुणेच्या पुढं पळाला, तर समजायचं की तेलाची पकड सुटलीय. मात्र ही परीक्षा फार वेळ चालू ठेवायची नाही, सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. मास्तरांच्या मनगटावर घड्याळ होतं, पण ते म्हणायचे, "घड्याळाच्या काट्याकडं बघत बसलो तर गाडीच्या काट्याकडं तुझा काका बघणार?" म्हणून स्टेशनं. पॅसेंजरनं लोणावळ्याकडं निघायचं आणि कामशेतला उतरायचं. मळवली त्यांनी आयुष्यात कधी गाठली नाही.

ही कामशेतची सवय त्यांनी माणसांनाही लावली. दोन फिटर हमरीतुमरीवर आले की मास्तर लांबून नुसतं म्हणायचे, "वडगाव झालं हं." भांडण तिथंच विझायचं. युनियनच्या मीटिंगमध्ये एकजण भाषण आवरेना, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "मळवली, मळवली" म्हणालं आणि सगळा हॉल हसला. बोलणाऱ्याला आपण काय चुकलो ते शेवटपर्यंत कळलं नाही, तो आमच्या शॉपमधला नव्हता.

मी त्या वर्कशॉपात तपासणीचे रिपोर्ट लिहायचो. मी फारसा बोलणारा माणूस नाही. शिवाय मला अपराधी वाटायला निमित्त लागत नाही. दुसऱ्याच्या हातून पाना पडला तरी सॉरी मी म्हणतो. मास्तरांनी माझंही निदान केलं होतं. "सातपुते, तुझं इंजिन बरं आहे. पण तू कायम ब्रेकवर पाय ठेवून अ‍ॅक्सिलरेटर देतोस. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस शांत उभाय. आत तेल तापतंय." मी कसनुसा हसलो. ते गेल्यावर बराच वेळ माझं लिखाण पुढं सरकलं नाही.

त्यांचा दुसरा छंद व्याकरणाचा. गाडी आली की पहिला प्रश्न, "घसरलं की घसरवलं?" घसरलं म्हणजे यंत्राचा दोष. सील गेलं, पातं झिजलं, पंप थकला. घसरवलं म्हणजे माणसाचा. काही ऑपरेटर चढावर गाडी ब्रेकनं धरायच्या ऐवजी अर्धवट अ‍ॅक्सिलरेटर देऊन तरंगत ठेवायचे, त्यात तेल जळायचं. मग आमच्या रिपोर्टात 'घसरवलं' आलं की त्या माणसाची खाणीवरून उचलबांगडी ठरलेली. एका 'व'वर माणसाचं पोट असायचं. म्हणून मास्तर तो 'व' घालताना फार वेळ लावायचे, आणि मला तो काढून पुन्हा लिहायला लावायचे.

एकदा ते माझ्या घरी चहाला आले होते, तेव्हा माझ्या बायकोच्या हातून लोणच्याची बरणी निसटली आणि फुटली. मास्तर लगेच पुढं वाकून म्हणाले, "वहिनी, घसरली की घसरवली?"

बायको म्हणाली, "भाऊजी, फुटली. पाय वर घ्या, काच लागेल."

मास्तरांनी पाय खुर्चीवर घेतले आणि मला हळूच म्हणाले, "बाईंचं निदान चोख आहे."

ते नेहमी बरोबर असायचे असं कुणी समजू नये. मालकांची स्कूटर एकदा बंद पडली तेव्हा मास्तरांनी अर्धा दिवस तिची जन्मकुंडली मांडली. शेवटी मालकांच्या लक्षात आलं की टाकीत पेट्रोल नाही. मास्तर अजिबात शरमले नाहीत. "मी निदान कुठं केलं? मी चौकशी करत होतो. चौकशी चुकत नसते." पावसाबद्दल, निवडणुकीबद्दल आणि लोकांच्या लग्नांबद्दल त्यांचे अंदाज सरसकट चुकायचे. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या वस्तीतल्या विहारात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी कन्व्हर्टर समजावून सांगितला. "बोलणारा फिरतोय, ऐकणाऱ्यानंही फिरायला पाहिजे, आणि मध्ये काय भरलंय तेवढं बघा," असं म्हणून खाली बसले. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. मास्तरांना वाटलं, कन्व्हर्टर पोचला.

आपलं बोलणं पोचतं, याबद्दल त्यांना फार गर्व होता. दुरुस्त झालेली गाडी ऑपरेटरच्या ताब्यात द्यायच्या आधी ते एक व्याख्यान द्यायचे. इतर वर्कशॉपांत अशी पद्धत नव्हती, ही मास्तरांनीच पाडलेली. ऑपरेटर आणि त्याच्याबरोबर आलेली माणसं रांगेत उभी. मास्तर पांढरा शर्ट झटकून बॉनेटसमोर उभे. तेल कसं बघायचं, चढावर काय करायचं, उतारावर काय करायचं नाही. "मी एकदाच सांगतो. दोनदा सांगायला मी आकाशवाणी नाही." आणि शेवटी, "निरोप पोचला?"

रांग म्हणायची, "पोचला."

तेवढ्या एका शब्दानं मास्तरांचा चेहरा असा उजळायचा की कुणाला 'नाही' म्हणायची छाती झाली नसती.

तर, मोशीच्या एका दगडखाणीवरचा एक डंपर आमच्याकडे पुन्हा पुन्हा यायला लागला. तक्रार एकच. भरलेली गाडी खाणीतून वर येताना घसरते, इंजिन ओरडतं आणि गाडी चढावर रेंगाळते. आम्ही गाडी घ्यायचो, आणि मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे आल्या आल्या जुनं तेल काढून टाकायचो, नवं भरायचो. जुनं तेल त्यांना खरकट्यासारखं वाटायचं, ते बघवायचं नाही. मग परीक्षा. पिंपरी, चिंचवड, देहूरोड, काटा खुणेवर मुकाट उभा. कामशेतला पाय उचलला. कन्व्हर्टर उघडून बघितला, पाती नव्यासारखी. गाडी परत गेली, आणि महिनाभरात पुन्हा फाटकात.

तिसऱ्यांदा गाडीबरोबर खाणीचे मॅनेजर मानेही आले. गोरेपान, मऊ आवाजाचे गृहस्थ. आवाज मऊ ठेवूनच म्हणाले, "ओव्हाळ, तुमच्याकडे गाडी ठणठणीत, आमच्याकडे आजारी. मग आजार गाडीत नाही, माणसात आहे. बबन तिला चढावर तरंगवतो. तुम्ही तेवढं लिहून द्या, मी दुसरा ऑपरेटर बघतो."

बबन हा त्या गाडीचा ऑपरेटर. मोशीचाच, जुन्या शेतकरी घरातला. घरच्या जमिनीचा बराचसा भाग त्याच खाणीत गेलेला, आणि त्या बदल्यात ही नोकरी. तो मागे उभा राहून टोपी हातात फिरवत होता. तो म्हणाला, "म्या तरंगवत न्हाई, मास्तर. आईची आन."

"आईला मध्ये घेऊ नकोस, तिनं गाडी चालवली नाही," मास्तर म्हणाले. मग मानेंकडं वळले. "मी आत्ता काही लिहीत नाही. उद्या गाडी घेऊन जा. परवा मी खाणीवर येतो. आजारी माणसाला घरी बघायला पाहिजे. दवाखान्यात सगळे शहाण्यासारखे वागतात."

"आणि तिथं काही निघालं नाही तर?"

"तर सातपुते 'व' घालेल."

बबननं माझ्याकडं असं बघितलं की मी मनातल्या मनात सॉरी म्हणालो.

पण परवा जाणं झालं नाही. मास्तर मुद्दाम थांबले. म्हणाले, नव्या तेलावर गाडी गोडच वागणार, तिला जरा संसाराला लागू दे. तीनेक आठवड्यांनी गाडी पुन्हा रेंगाळतेय असा फोन आला, तेव्हा आम्ही दोघं मोशीला गेलो. मास्तर इतके खुशीत होते की बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला त्यांनी कन्व्हर्टर समजावला. ती पुढच्या स्टॉपला उतरली. तिचं तिकीट चाकणचं होतं.

खाणीवर त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी तासभर नुसते प्रश्न. कधी घसरते? चढावर. रिकामी असताना? न्हाई, भरल्यावर. सकाळी? कमी. जेवणानंतर? लई. जेवताना गाडी कुठं उभी करतोस? तोंड कुणीकडं? तू काय जेवतोस? हा शेवटचा प्रश्न कशाला ते मला कळलं नाही. बबन म्हणाला, भाकरी आणि ठेचा, आणि मास्तरांनी गंभीरपणे मान हलवली.

मग ते कॅबिनमध्ये चढले. बाजूला शिकाऊ माणसासाठी पत्र्याची अरुंद सीट होती, तिच्यावर मी. भरलेली गाडी वर आणून सपाटीवर घेतली, ब्रेक दाबला. पिंपरी. चिंचवड. देहूरोडलाच काटा खुणेच्या पुढं निघून गेला. तळेगाव म्हणायच्या आधी मास्तरांनी पाय उचलला. इतक्या अलीकडं त्यांना उतरताना मी कधी बघितलं नव्हतं.

"सापडलं," ते म्हणाले. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. "सातपुते, इंजिन बंद करू देऊ नकोस." आणि शिडीवरून खाली उतरून त्यांनी गिअरबॉक्सची तेलपट्टी उपसली. पट्टीवर तेल नव्हतंच म्हणायला हरकत नाही. टोकाला ताकावर येतो तसा फेस होता.

कारण समजायला अवघड नव्हतं. कुठल्यातरी नळीच्या सांध्यातून तेल हळूहळू पाझरत होतं. पातळी खाली गेली, आणि भरलेली गाडी चढाला लागली की तेल मागे सरकायचं, पंप तेलाबरोबर हवाही ओढायचा. हवा मिसळलेलं तेल कुणाचा निरोप नेणार? आमच्याकडं आलं की आम्ही ते तेल फेकून नवं भरपूर भरायचो, म्हणजे पुरावा आमच्याच हातानं धुऊन टाकत होतो.

कोडं एवढंच उरलं की तेल कमी झालेलं बबनला दिसलं कसं नाही.

"बबन, तेल बघतोस का?"

"रोज बगतो."

"रोज?"

"रोज, मास्तर. पट्टी काडतो, पुसतो, परत घालतो, बगतो. फुल आसतं."

"कधी बघतोस?"

"सकाळच्याला. गाडी चालू करताना. चालू करायच्या आदी."

मास्तर एकदम स्थिर झाले. त्यांना काय दिसलं ते मलाही दिसलं. इंजिन बंद असलं की कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरून गिअरबॉक्सच्या तळात येतं, आणि पट्टी बिनदिक्कत खोटं बोलते. इंजिन सुरू झालं की तेच तेल वर ओढलं जातं आणि खरी पातळी दिसते. म्हणून या गाड्यांचं तेल इंजिन सुरू ठेवून, गरम असताना बघायचं. मास्तरांच्या व्याख्यानातलं पहिलं वाक्य तेच.

"तुला असं कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

खाणीवरची चार माणसं जमली होती, मानेही ऑफिसातून आले होते. बबन टोपी फिरवत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच."

"मी काय म्हणालो?"

"तुमी म्हनला, गाडी चालू आसताना तेल बगायचं." बबननं जमलेल्या माणसांकडं मदतीसाठी बघितलं. "आता चालू गाडीत म्या खाली लोंबकाळून तेल कसं बगनार, राव? चाकाखाली जाईन की. म्हनलं, मास्तरांची जीभ घसरली आसंल. चालू करताना म्हनायचं आसंल."

कुणीतरी हसलं. मी रोज ऐकलेलं ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या अंगणात गाडी चालू म्हणजे इंजिन सुरू. खाणीवर गाडी चालू म्हणजे गाडी पळतेय, जीव सांभाळ.

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमी इचारलं, पोचला का. सगळे म्हनले पोचला. म्या बी म्हनलं."

माने पुढं आले. "झालं तर मग. सांगितलं होतं, समजलं नाही, विचारलं नाही. म्हणजे घसरवलंच. ओव्हाळ, तुमचं काम सोपं झालं. बबन, तू ऑफिसात ये."

बबन निघालाही. त्यानं टोपी डोक्यावर घातली, वाद घातला नाही. मला वाटलं, आता मास्तर स्टेशनं मोजतील. ते त्या तेलपट्टीकडं बघत उभे होते. पट्टीवरचा फेस विरून गेला होता.

"थांब," ते म्हणाले. मग मानेंना म्हणाले, "घसरवलं, हे बरोबर आहे. पण यानं नाही."

"मग कुणी?"

"मी."

मानेंना तो विनोद वाटला. "अहो, तुम्ही मोशीत नव्हता."

"माझं वाक्य होतं. महिनोन्‌महिने रोज सकाळी यानं माझं वाक्य पाळलंय. जे पोचलं ते पाळलं. निरोप पोचला नाही तर आपण चाकाला मारत नाही, माने."

दोष स्वतःकडं घेऊन असं बोललेले ओव्हाळ मी त्याआधी बघितले नव्हते. पेट्रोल नसलेल्या स्कूटरसमोरही न वाकलेला माणूस. त्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

मानेंनी एकदा बबनकडं बघितलं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "ठीक आहे. बबन राहील. पण ही गाडी पुन्हा घसरली तर मी वाक्य कुणाचं ते विचारणार नाही, त्याला काढणार. आणि एक. पुढच्या वेळेपासून आमच्या माणसांना शिकवायला दुसरं कुणीतरी पाठवा."

हे मानेंनी आमच्या मालकांनाही कळवलं. मालकांनी फार विचार न करता व्याख्यान माझ्याकडं दिलं, सगळ्याच गाड्यांचं. मी मुखदुर्बळ, म्हणून मी कमी शब्द वापरीन असा त्यांचा हिशेब असावा. मी मास्तरांकडं जाऊन पुटपुटलो, "मला नको होतं हे."

"घे. फक्त 'पोचला का' विचारू नकोस. त्यांनाच पट्टी काढायला लाव."

मी तसं करायला लागलो. इंजिन सुरू ठेवून ऑपरेटरच्याच हातात तेलपट्टी द्यायची आणि आपण गप्प उभं राहायचं. मास्तर शेडच्या खांबाशी उभे राहून ऐकायचे, चकार शब्द काढायचे नाहीत. मला त्यांच्यासमोर बोलताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि तरीही ते काम मला आवडायला लागलं होतं, चांगलंच आवडायला लागलं होतं. हे मी तेव्हा बायकोलाही सांगितलं नाही.

पुढं शॉपमध्ये कुजबुज सुरू झाली. गुरुवारी आमच्या पट्ट्यात सुट्टी, वीज बंद. आणि दर गुरुवारी मास्तर मोशीच्या बसमध्ये दिसतात. विचारलं तर सांगायचे, "बबनवर नजर ठेवायला जातो." लोक म्हणाले, मास्तरांनी डूख धरलाय. त्या पोराच्या मानगुटीवर बसलेत, आता त्याला धड जगू देणार नाहीत. मलाही ते खरं वाटलं. बबन मुळात चढावर सांभाळून गाडी चालवायचा, त्यात शेजारी हा माणूस दिवसभर बडबडणार, एखाद्या गुरुवारी त्याचा हात चुकणार आणि माने वाटच बघतायत. एका गुरुवारी मी धीर केला आणि मास्तरांना चार शब्द सांगायला मोशीला गेलो. कुणाला चार शब्द सांगायला मी त्याआधी कधी कुठं गेलो नव्हतो.

खाणीच्या काठावर उभा राहिलो. खालून डंपर वर येत होता, भरलेला, एका संथ आवाजात, कुठंही न रेंगाळता. बबन स्टिअरिंगवर. शेजारच्या पत्र्याच्या सीटवर मास्तर, गुडघे छातीशी, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दोघांपैकी कुणाचे ओठ हलत नव्हते. गाडी रिकामी करून पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. तीच शांतता. मी जवळजवळ दुपारपर्यंत बघत राहिलो, हा माणूस आता तोंड उघडेल, आता उघडेल म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर हात धुवायला हौदाकडं गेले, तेव्हा मी बबनला गाठलं.

"फार त्रास देतात का रे?"

"कोन, मास्तर?" बबनला प्रश्नच कळला नाही. "न्हाई बा. बसत्यात."

"तेल बघतात?"

"न्हाई. म्या बगतो, इंजान चालू ठिवून. ते तवा दुसरीकडं तोंड करून उभं ऱ्हात्यात. म्या म्हनलं एकदा, मास्तर तुमीबी बगा की. तर म्हनले, तू बघितलंस ना, मग झालं."

"मग बोलतात काय दिवसभर?"

"कायबी न्हाई. आमी चढाला लागलो की ऐकत ऱ्हातो दोघंबी. आवाज बराबर आसला की ते मान हलवत्यात. घरची मंडळी आता त्यांचीबी भाकरी बांदून देती. गुरवार म्हनलं की इचारती, मास्तर येनार ना?"

माझ्याजवळचे चार शब्द मी परत खिशात ठेवले.

संध्याकाळी आम्ही एकाच बसनं निघालो. मला तिथं बघून त्यांना आश्चर्य वाटलं नसावं, निदान तसं त्यांनी दाखवलं नाही. खिडकीशी बसले. मांडीवर वर्तमानपत्राची एक पुडी होती, ती दोन्ही हातांनी धरलेली. बस हायवेला लागली, तेव्हा मीच म्हणालो, "मास्तर, शॉपमध्ये लोक काहीबाही बोलतात. मी सांगू का त्यांना?"

"काय सांगशील?"

मी तिकिटाची गुंडाळी करत राहिलो.

"नजर ठेवायला जातो, हेच राहू दे," ते म्हणाले. "तेवढं कारण बरंय." बाहेर शेतं संपून वर्कशॉपांच्या भिंती सुरू झाल्या होत्या, सगळी फाटकं बंद. "आमची मंडळी वारल्यापासून घरात गप्पच असतो मी. मुलगी नांदेडला, तिचं तिला पुरे झालंय. घरी गप्प बसलो की नुसताच गप्प असतो, सातपुते. तिथं बसलो की कुणाबरोबर तरी गप्प बसल्यासारखं वाटतं."

हे मी शॉपमध्ये कुणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षी ते नांदेडला लेकीकडं राहायला गेले, आणि जाताना म्हणाले, आता काय सांगायचं ते सांग लोकांना. म्हणून हे लिहिलं.

त्या संध्याकाळी बस भोसरीच्या नाक्यावर थांबली. तिथं मास्तरांची नेहमीची खानावळ होती. बरीच वर्षं रात्रीचं ताट तिथलं, मालक त्यांना लांबूनच हात करायचा. त्यानं आताही केला. मी पाय आखडून घेतले, त्यांना उतरायला वाट दिली.

मास्तर उठले नाहीत. मांडीवरची पुडी त्यांनी थोडी उघडली. आत अर्धी बाजरीची भाकरी होती, घडी घातलेली, आणि तिच्यात ठेच्याचा हिरवा डाग. त्यांनी ती पुन्हा नीट बांधली.

"जाऊ दे पुढं," कंडक्टरला म्हणाले. "आज घरी जेवतो."